गल्ली सुटली, फोन आला: देहविक्री करणाऱ्या बायकांचं बदललेलं जग

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. हे बरेच दिवस लिहायचं मनात होतं. सांगली-मिरज-कोल्हापूर या पट्ट्यात मी चौदा वर्षं एचआयव्ही प्रतिबंधाच्या प्रकल्पावर समुपदेशक होते. देहविक्री करणाऱ्या बायकांना तपासणीला आणायचं, औषधं सुटू द्यायची नाहीत, हे मुख्य काम. पण पोरांचे शाळेचे दाखले, रेशनकार्डं, मालकाशी झालेली भांडणं, सगळं त्यात आलंच. (मालक म्हणजे बाईचा कायमचा माणूस. आमच्याकडे त्याला मालकच म्हणतात.)

या चौदा वर्षांत त्यांच्या आयुष्यात सगळ्यात मोठा बदल केला तो मोबाइलनं. कुठल्या कायद्यानं किंवा योजनेनं एवढा केला नाही. आणि त्याबद्दल मराठीत नीट बोललं जात नाही. एकतर 'हाय प्रोफाइल रॅकेटचा पर्दाफाश' अशा बातम्या, नाहीतर 'कामाठीपुरा आता संपला' असे लेख. कामाठीपुऱ्यातल्या खोल्या रिकाम्या झाल्या हे खरं. त्या खोल्यांतल्या बायका कुठे गेल्या, हे त्या लेखांत नसतं.

जुन्या बायका एसटीडी बूथच्या काळातलं सांगायच्या. वस्तीत न राहता घरून काम करणाऱ्या बाईला गिऱ्हाईक मिळायचं ते चार जणांकडून: रिक्षावाला, पानपट्टीवाला, लॉजचा पोऱ्या आणि बूथवाला. बूथवर फोन आला की तो पोरगं पाठवायचा, "मावशी, तुमच्या बहिणीचा फोन आलाय." प्रत्येकाचा वाटा ठरलेला. शंभरातले चाळीस हातात राहिले तरी पुष्कळ. वस्तीत बसणाऱ्या बाईच्या कमाईतला निम्मा वाटा घरवालीचा, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईचा.

२००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं. त्याच पावसाळ्यात ५०१ रुपये भरून हँडसेट घरी न्यायची योजना आली. माझ्या ओळखीच्या किती तरी बायकांनी पहिला फोन त्या वर्षी-दोन वर्षांत घेतला. रिक्षावाला मधून गेला, बूथवाला गेला. पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा जवळजवळ फुकट झाला, आणि कीपॅडवाल्या फोनच्या जोडीला दुसरा, मोठ्या स्क्रीनचा फोन आला.

एका बाईचा फोन मी नीट पाहिलेला आहे, कारण तिला वाचता येत नव्हतं आणि नंबर सेव्ह करायला ती माझ्याकडे यायची. झाकण निघू नये म्हणून रबरबँड लावलेला कीपॅडचा फोन. त्यात 'गॅस', 'बचत गट', 'शाळा', आणि मग 'शिलाई १' पासून 'शिलाई २२' पर्यंत. शिलाई म्हणजे नेहमीची गिऱ्हाइकं. नाव वाचता येत नसलं तरी आकडा कळायचा. शेजारणींना ती ब्लाउज शिवते एवढंच माहीत. बावीस नंबर, तेवढंच तिचं भांडवल. तो फोन एकदा एसटीत चोरीला गेला तेव्हा ती माझ्यासमोर बसून रडली, मंगळसूत्र गेल्यावरही ती तशी रडली नव्हती.

ही झाली फोननं दिलेली गोष्ट. आता नेलेली.

वस्तीत एखाद्या गिऱ्हाइकानं गळा धरला तर पलीकडच्या खोलीतून चौघी धावून येतात. मी स्वतः पाहिलंय. मधली भिंत म्हणजे फळकुटाची असते, साधा खोकला ऐकू जातो. लॉजच्या खोलीत, बायपासजवळच्या फार्महाऊसवर, कुणाच्या रिकाम्या फ्लॅटवर कोण ऐकणार? सांगलीच्या गोकुळनगरातल्या बायकांनी १९९६ मध्ये 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी केली ती एकमेकींच्या दारात राहत होत्या म्हणून. गुंड आला, पोलीस आला, सावकार आला, तरी पन्नास जणी दहा मिनिटांत गोळा व्हायच्या. फोनवर काम करणारी बाई त्याच शहरात, त्याच धंद्यात दुसरी कोण आहे हे ओळखतसुद्धा नाही.

आमच्या कामाचंही तेच झालं. प्रकल्पाची सगळी रचना 'हॉटस्पॉट'वर, म्हणजे या बायका जिथे गिऱ्हाइकासाठी थांबतात त्या जागांवर, बेतलेली. साधारण साठ बायकांमागे एक पिअर, म्हणजे त्यांच्यातलीच एक कार्यकर्ती. ती गल्लीत फिरणार, निरोध देणार, तपासणीची आठवण करणार. स्टँड, नाका, गल्ली यांच्या नकाशांवर आमच्या भिंती भरलेल्या. आणि बाई बसलेली असते तिच्या स्वतःच्या घरी, स्वयंपाक करत, फोन पिठाच्या डब्यावर. तिला कुठल्या नकाशावर गाठायचं?

२०२० च्या टाळेबंदीत हे फार बोचलं. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबरात सांगितलं की ओळखपत्राची अट न घालता या बायकांना कोरडा शिधा द्या. राज्य सरकारनं ऑक्टोबर ते डिसेंबर दरमहा ५,००० रुपये, आणि शाळेत जाणारं मूल असेल तर आणखी २,५०० जाहीर केले. चांगला निर्णय होता, मी आजही सरकारचे आभार मानते. पण मदत पोचली ती मुख्यतः ज्यांची नावं आधीपासून यादीत होती त्यांना. फोनवाली कुठल्याच यादीत नव्हती, आणि यादीत यायला तयारही नव्हती. "ताई, पाच हजारासाठी नाव लिहू का? उद्या सासरी कळलं तर?" असं तिघींनी मला विचारलं. मी त्यांना काय सांगणार होते?

शेवटची गोष्ट लिहिते आणि थांबते. अनोळखी नंबर कुणाचा हे दाखवणारं अ‍ॅप तुमच्यापैकी बहुतेकांच्या फोनमध्ये असेल. लोकांनी आपापल्या फोनमध्ये ज्या नावानं नंबर सेव्ह केला असेल त्यावरून ते नाव दाखवतं. एका बाईच्या मुलानं, आठवीतल्या, मित्राच्या फोनवरून आईला फोन लावला. स्क्रीनवर आईच्या नंबराखाली जो शब्द आला तो मी इथे लिहीत नाही. मित्रानंही तो वाचला. मुलगा तीन दिवस घरात जेवला नाही.

इथे वेगवेगळ्या गावांतले, पेशांतले लोक आहेत. तुम्ही काय पाहिलंत ते लिहा. नाव, नंबर, पत्ते मात्र कृपा करून कुणाचेच देऊ नका.

बुधवारकर

ताई, तुम्ही हे लिहिलंत, बरं झालं. माझं तपकीर गल्लीत इलेक्ट्रिकच्या मालाचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. बुधवार पेठेचं नाव काढलं की बाहेरची माणसं हसतात. आम्ही तिथे वाढलो, आम्हाला त्यात हसण्यासारखं कधी काही दिसलं नाही. एका बाजूला दगडूशेठचा गणपती, एका बाजूला आमचा वायर-होल्डरचा बाजार, आणि मधल्या बोळांत या बायका. सणाला आमच्याकडून दिव्यांच्या माळा न्यायच्या.

२००५ च्या आसपास आम्ही रिचार्जही करायचो. या बायका दिवसातून दोन-तीनदा यायच्या, दहा रुपयांचा टॉपअप. मोठा रिचार्ज कधी नाही, कारण मोठी रक्कम हातात कधीच एकत्र नसायची. नंबर एका वहीत लिहायची पद्धत होती. एक दिवस कामावरचा पोरगा त्या वहीतून नंबर उतरवून घेताना वडिलांनी पकडला. बाहेर शंभर-शंभर रुपयांना विकत होता. वडिलांनी त्याला त्याच दिवशी काढलं, वही बंबात जाळली, आणि पुढे या बायकांना स्वतःच्या हातानं नंबर दाबायला मशीन पुढे करायला लागले. मी तेव्हा कॉलेजात होतो. वडिलांना एवढा राग आलेला मी पुन्हा पाहिला नाही.

आता आमच्या समोरच्या वाड्यातल्या खोल्यांत एलईडीच्या पट्ट्यांची गोदामं आहेत. बायका आहेत, पण वयानं मोठ्या. तरुण मुली गल्लीत कमीच दिसतात. सहेली संघाच्या कार्यकर्त्या अजून फिरताना दिसतात, १९९८ पासून त्या बायकांनी स्वतः चालवलेली संस्था आहे ती. त्यांनाही हाच प्रश्न पडत असेल.

शांतनिवास

धागा वाचला. कृष्णाकाठ यांच्या कामाबद्दल आदर आहे, तरीही वेगळं मत मांडतो. आमच्या उपनगरातल्या सोसायटीत एक फ्लॅट ऑनलाइन जाहिरातीवरून असाच वापरला जात होता. पोलीस आले तेव्हा त्यातून दोन मुली निघाल्या. एक अठराची सुद्धा नव्हती. तिला सोशल मीडियावर ओळख झालेल्या मुलानं नोकरीचं सांगून आणलं होतं. पूर्वी दलालाला गावात जावं लागायचं, चार माणसांना तोंड दाखवावं लागायचं. आता तो घरबसल्या पन्नास मुलींना एकाच वेळी गोड बोलतो. माझी मुलगी दहावीत आहे. फोननं बायकांना काही दिलं हे म्हणणं मला त्या मुलीचा चेहरा आठवला की पटत नाही. या सगळ्या जाहिरातींच्या साइट बंद व्हायला हव्यात.

कृष्णाकाठ

शांतनिवास दादा, तुमचं म्हणणं मी टाळणार नाही. अशा मुली मीही पाहिल्या आहेत. अठराच्या आतल्या मुलीबद्दल वाद नाही, तिथे 'मर्जी' हा शब्दच उच्चारू नये. फसवून आणलेल्या प्रौढ बाईबद्दलही नाही. दलालाचं काम फोननं सोपं केलं हेही खरं.

पण एक पाहिलंय ते सांगते. उत्तरेकडून आणलेली एक मुलगी होती, भाषा येईना, दार बाहेरून बंद. तिनं घरी कळवलं ते एका गिऱ्हाइकाच्या फोनवरून. त्याला दया आली, त्यानं फोन दिला, तिला बापाचा नंबर पाठ होता. चार दिवसांत तिथले आणि इथले पोलीस दारात. पूर्वी अशा मुलीचं पत्र जायलाच दोन वर्षं लागायची, बहुतेकदा जायचंच नाही. तुमच्या मुलीला दोन नंबर तोंडपाठ करायला लावा दादा, तुमचा आणि तिच्या आईचा. हल्लीच्या मुलांना एकही पाठ नसतो.

साइट बंद करण्याबद्दल मला तेवढी खात्री वाटत नाही. बाहेरच्या देशांत हे झालंय. कुणाला माहीत असेल तर लिहावं.

दूरदेशी

मी लिहू शकते. कॅलिफोर्नियात सामुदायिक आरोग्य केंद्रात काम करते, मूळची सातारची.

इथे 'बॅकपेज' नावाची जाहिरातींची मोठी साइट होती. ६ एप्रिल २०१८ ला सरकारनं ती जप्त केली आणि पाचच दिवसांनी 'फोस्टा-सेस्टा' या नावानं ओळखला जाणारा कायदा लागू झाला. साइटवर वापरणाऱ्यांनी देहविक्रीच्या जाहिराती टाकल्या तर त्यासाठी साइटच्या मालकालाही जबाबदार धरता येईल, असा तो कायदा. क्रेगलिस्ट या जाहिरातींच्या दुसऱ्या साइटनं त्याआधीच, मार्चमध्ये, सगळा वैयक्तिक जाहिरातींचा विभाग उचलून टाकला. हेतू तोच होता जो शांतनिवास यांच्या मनात आहे, आणि तो हेतू वाईट नव्हता.

आमच्या केंद्रात येणाऱ्या बायकांचं काय झालं ते मी पाहिलं. या बायका धोकादायक गिऱ्हाइकांच्या याद्या एकमेकींना पाठवायच्या: अमुक गाडी, अमुक नंबर, मारतो, पैसे बुडवतो. साइटबरोबर त्या याद्या गेल्या, ओळखी गेल्या. महिन्याभरात काही जणी परत रस्त्यावर उभ्या होत्या. काहींनी सुटका करून घेतलेल्या दलालाकडे परत फोन केला, कारण गिऱ्हाईक आणून देणारा दुसरा कुणी उरला नाही. आणि तस्करांचं? २०२१ च्या जूनमध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाचा अहवाल आला. तीन वर्षांत त्या कायद्यातलं नवं फौजदारी कलम सरकारी वकिलांनी एकदाच वापरलं होतं.

पैशाचंही एक सांगते. ऑगस्ट २०२१ मध्ये 'ओन्लीफॅन्स'नं (पैसे भरून लोकांचे फोटो-व्हिडिओ बघायची साइट) जाहीर केलं की उघड लैंगिक मजकूर बंद, कारण बँका कुरकुर करताहेत. गदारोळ झाल्यावर आठवड्याच्या आत निर्णय मागे घेतला. पण त्या आठवड्यात बायकांना कळून चुकलं की घरवाली गेली म्हणून मालकी आपल्याकडे आली असं नाही. एका कंपनीनं बटण दाबलं की धंदा बंद, आणि तिच्या दारात जाऊन भांडताही येत नाही.

मुंबईचा_पाऊस

यात पुरुष आणि तृतीयपंथी यांचंही येऊ द्या. माझे दोन मित्र डेटिंग अ‍ॅपवरून हे काम करतात. ६ सप्टेंबर २०१८ ला ३७७ चा निकाल लागला, समलिंगी संबंध गुन्हा नाही असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, तेव्हा आम्ही रात्रभर नाचलो होतो. पण अ‍ॅपवरून बोलवून, चौघांनी घेरून, व्हिडिओ काढून लुटायचं थांबलेलं नाही. "घरी पाठवू का व्हिडिओ?" एवढं म्हटलं की माणूस एटीएमपर्यंत मुकाट चालत जातो. पोलिसात कुणी जात नाही, कारण तिथे पहिला प्रश्न येतो, "तू तिथे कशाला गेला होतास?"

वऱ्हाडी_वकील

नागपूरहून लिहितोय. कायद्याची बाजू थोडी स्पष्ट करतो, कारण या विषयात वकिलांचाही गोंधळ असतो.

आपल्याकडचा कायदा १९५६ चा. १९८६ च्या दुरुस्तीत त्याला आजचं नाव मिळालं, अनैतिक व्यापार (प्रतिबंध) कायदा. बोलीत सगळे 'पिटा' म्हणतात. प्रौढ बाईनं स्वतःच्या मर्जीनं, एकटीनं, खाजगीत हे काम करणं या कायद्यानं गुन्हा ठरवलेलं नाही. गुन्हे आहेत ते आजूबाजूचे. कलम ८ वाचा: सार्वजनिक जागेतून दिसेल किंवा ऐकू येईल अशा तऱ्हेनं गिऱ्हाईक बोलावणं. त्यात 'खिडकीत किंवा बाल्कनीत बसून' असे शब्द आहेत. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जी बाई होती ती खिडकीत बसलेली होती.

आता कुंटणखान्याची व्याख्या बघा. कलम २. दुसऱ्याच्या फायद्यासाठी चालवलेली जागा तर आलीच, पण दोन किंवा अधिक बायकांच्या आपसातल्या फायद्यासाठी वापरलेली जागाही कुंटणखाना. म्हणजे दोन मैत्रिणींनी एकमेकींच्या सुरक्षिततेसाठी एक खोली भाड्यानं घेतली, तर त्या कुंटणखाना चालवतात. कृष्णाकाठ ताई म्हणतात की फोननं बाईला एकटं केलं. माझं म्हणणं, फोनच्या आधीपासून कायदा तिला एकटीच राहा असं सांगत होता.

कलम ४ त्याहून कठोर. अठरा वर्षांवरचा जो कुणी जाणूनबुजून तिच्या कमाईवर जगतो तो दोषी, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. आता कमाई बँकेतून जाते. कॉलेजच्या वसतिगृहात असलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला आईनं दर महिन्याला पाठवलेले पैसे बँकेच्या उताऱ्यावर छापलेले असतात. रोख होती तेव्हा असा कागद नव्हता.

ऑगस्ट २०२१ मध्ये आमच्याकडची गंगा-जमुना वस्ती पोलिसांनी सील केली. बॅरिकेड, बंदोबस्त, सगळं. बायका मोर्चे काढत होत्या, विरोधातलेही मोर्चे निघत होते. त्या दिवसांत माझ्याकडे येणाऱ्या बायका एकच विचारायच्या, "साहेब, भाड्यानं खोली कुठं मिळेल?" त्यातल्या काही जणी आज फोनवर काम करतात, शहराच्या चार टोकांना.

छाप्यात फोन 'मुद्देमाल' म्हणून जप्त होतो आणि दोन-दोन वर्षं पोलीस ठाण्याच्या कपाटात पडून राहतो. त्यात तिच्या मुलांचे फोटो, बँक, आधारला जोडलेला नंबर, सगळं असतं. फोन परत मागता येतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली (जुनं ४५१ आणि ४५७) दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा, सुपूर्तनाम्यावर, म्हणजे तो जपून ठेवायची लेखी हमी देऊन, मिळू शकतो. पुराव्याची माहिती फोनमध्ये आहे म्हणून सरकारी वकील विरोध करतात, तेव्हा तिची प्रत काढून फोन द्यावा अशी मागणी करायची. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे फुकट वकील मिळतो, बायकांना हे माहीत नसतं.

आणि १९ मे २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश, बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणातला. निरोध सापडला म्हणून तो पुरावा धरू नका, सुटकेच्या वेळी बायकांचे चेहरे-नावं माध्यमांनी दाखवू नयेत, पत्त्याच्या पुराव्याशिवाय आधार कार्ड द्या. कुणी चोरून व्हिडिओ काढला किंवा संमतीनं काढलेला तिच्या संमतीशिवाय पसरवला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आहे, धमकावून पैसे मागितले तर ३०८. ती काय काम करते याचा या तक्रारीशी संबंध नाही. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करायचा, तासाभरात केला तर रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

बुधवारकर

वकीलसाहेब, दोन मैत्रिणींची खोली म्हणजे कुंटणखाना, हे मला आज पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं त्या बोळाच्या तोंडाशी बसून.

नवखी

मी नवीन खातं काढलंय. बोलून टाइप करते, चुका झाल्या तर समजून घ्या. ताईंचं लिहिलेलं आमच्या पिअरनं मला वाचून दाखवलं.

ताई, गल्लीची एवढी आठवण काढू नका. मी सहा वर्षं गल्लीत होते. घरवाली निम्मं घ्यायची. वर खोलीचं, पाण्याचं, लाइटचं वेगळं. पोलीस आला की त्याचं. पाळी असली तरी बसायचं, ताप असला तरी बसायचं. धावून यायच्या म्हणता, यायच्या, गिऱ्हाइकानं मारलं तर. घरवालीच्या माणसानं मारलं तेव्हा कोण आलं नाही. सगळ्या आपापल्या खोलीत गप.

आता फोन बंद केला की दुकान बंद. पोरीच्या बारावीच्या पेपराला मी वीस दिवस फोन बंद ठेवला. तिला सकाळी डबा, दुपारी रिक्षातून आणायला मी. गल्लीत असते तर हे झालं असतं का?

नवा माणूस असला की आधी व्हिडिओ कॉल. तोंड दाखवत नाही त्याच्याकडे जात नाही. लॉज मी सांगेन तो. पोचले की मैत्रिणीला मिस कॉल, निघाले की दुसरा. तासात दुसरा गेला नाही तर ती लॉजच्या काउंटरला फोन लावते. पैसे आधी आणि हातात. एकानं पैसे पाठवल्याचा फोटो दाखवला, बँकेत काही आलंच नाही. शिवाय ऑनलाइन घेतले तर माझं खरं नाव त्याला दिसतं. त्याचा फोन टेबलावर उपडा ठेवायला लावते. चार्जिंगला लावतो म्हणतात आणि उभा करून ठेवतात, तसलं चालू देत नाही.

एक मात्र खरं. वय झालं की फोन वाजायचा कमी होतो. हे कुणाला दिसत नाही. गल्लीत बाई म्हातारी झाली तर चहा करून, पोरं सांभाळून, पाणी भरून तिथंच राहायची, कुणी हाकलत नव्हतं. माझं वय आता बेचाळीस. मागच्या महिन्यात चार दिवस फोन वाजलाच नाही. बिघडला काय म्हणून मी पोरीच्या फोनवरून लावून बघितला. चांगला होता.

कृष्णाकाठ

ताई, तुम्ही लिहिलंत, तुमचे आभार कसे मानू. मी चुकले. मी गल्ली पाहिली ती दिवसा अकरा ते पाच, हातात रजिस्टर घेऊन. रात्रीची गल्ली तुम्ही पाहिलीत. माझ्या समोर धावून आलेल्या चौघी मला लक्षात राहिल्या, आणि ज्या रात्री कुणीच आलं नाही ती मला माहीत असायचं कारणच नव्हतं.

मिस कॉलवाली मैत्रीण तुम्ही कशी जोडलीत, एवढं एक विचारते. आमच्या पिअर हेच करायच्या प्रयत्नात आहेत. गल्ली नाही तर निदान पाच-पाच जणींचा गट, एकमेकींचे नंबर असलेला, वाईट गिऱ्हाइकांचे नंबर पुढे पाठवणारा. दूरदेशी ताईंनी सांगितलेल्या याद्यांसारखाच. अडचण अशी की पहिला नंबर द्यायला कुणी तयार नसते.

नवखी

दवाखान्यात. तपासणीच्या रांगेत दोघी बसलो होतो. तिनं विचारलं, तुम्ही कोणत्या लॉजला जाता. तिथं डास फार आहेत म्हणाली.

शांतनिवास

नवखी ताई, तुमच्या मुलीचे पेपर कसे गेले?

नवखी

त्र्याऐंशी टक्के. नर्सिंगला टाकलंय.

कोडवाला

कृष्णाकाठ ताई, त्या नंबर दाखवणाऱ्या अ‍ॅपबद्दल. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, हे काम सोपं आहे, आजच करून टाका. अशा अ‍ॅपच्या संकेतस्थळावर आपला नंबर त्यांच्या यादीतून काढून टाकायची सोय असते. नंबर टाकायचा, ओटीपी येतो, झालं. त्या बाईंच्या स्वतःच्या फोनमध्ये ते अ‍ॅप असेल तर आधी आतलं खातं बंद करावं लागतं, मगच नंबर निघतो. दिवसभरानं दुसऱ्या फोनवरून लावून खात्री करा. चुकीचं नाव दिसत असेल तर ते बदलायची सूचनाही पाठवता येते.

दुसरं, व्हॉट्सअ‍ॅपवर प्रोफाइल फोटो 'फक्त माझे संपर्क' असा ठेवा. धंद्याच्या नंबरावर घरातला फोटो अजिबात नको. दोन नंबर असतील तर दोन्ही एकाच फोनमध्ये घालू नका. सोशल मीडिया 'तुमच्या ओळखीचे असू शकतात' म्हणून गिऱ्हाइकाला घरचं खातं दाखवू शकतं. संपर्क अपलोड करायची परवानगी सेटिंगमधून काढा.

बुधवारकर

हे छापून दुकानात लावतो. कुणासाठी ते लिहायची गरज नाही.

कृष्णाकाठ

कोडवाला दादा, काल त्या बाईंकडे गेले होते. ओटीपी त्यांच्याच फोनवर आला, अंगठ्यानं एकेक आकडा दाबत त्यांनीच टाकला. आज सकाळी तीन वेगवेगळ्या फोनवरून लावून पाहिलं. दोनांवर नुसता नंबर आला, नाव नाही.

तिसरा फोन त्यांच्या कोपऱ्यावरच्या चहावाल्याचा. त्यावर तोच शब्द, कारण त्यानंच त्याच्या फोनमध्ये तसं सेव्ह केलं होतं. मुलगा रोज त्याच्याकडून दूध आणतो. मी त्याच्यासमोर उभी राहिले. त्यानं गॅस बारीक केला, हात पुसले आणि नाव बदललं. मग मला फोन दाखवला. 'पोराची आई' असं लिहिलं होतं.